टायफॉइडची कल्चर तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायफॉइडचा संशय असलेले रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं प्रयोगशाळेला सतत जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं तपासणीपुरती आहेत. औषध कोणतं आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ५ वाचा. तिथे झालेली चूक पुढे कोणत्याच यंत्राला भरून काढता येत नाही.

१. ब्लड कल्चरमध्ये नेमकं काय करतात? नेहमीच्या रक्ततपासणीपेक्षा ते वेगळं कसं?

नेहमीच्या तपासणीत रक्तातल्या पेशी मोजतात किंवा एखादा घटक किती आहे ते पाहतात. कल्चरमध्ये रक्तात जिवंत जंतू आहेत का, हे शोधायचं असतं. टायफॉइडमध्ये ते इतके विरळ असतात की रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काहीच दिसत नाही. म्हणून रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालतात आणि बाटली ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. जंतू असतील तर ते तिथे वाढतात, आणि पुरेसे वाढले की ओळखता येतात.

टायफॉइडच्या जंतूचं नाव साल्मोनेला टायफी. कार्ल एबर्थ यांनी १८८० मध्ये त्याचं वर्णन केलं आणि गेऑर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. टायफॉइडचं निदान पक्कं करण्याचा सर्वांत भक्कम आधार आजही तोच आहे: रुग्णाच्या शरीरातून जंतू वाढवून दाखवणं.

२. टायफॉइड आतड्यांचा आजार आहे ना? मग शौचाऐवजी रक्ताचं कल्चर का?

जंतू तोंडावाटे आतड्यात जातो हे खरं, पण तो तिथे थांबत नाही. आतड्याच्या भिंतीतून तो आत शिरतो आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथल्या पेशींमध्ये दडून वाढतो. हा काळ साधारण एक ते दोन आठवड्यांचा असतो आणि तेव्हा बहुतेकांना काहीच जाणवत नाही. त्यानंतर तो रक्तात उतरतो आणि ताप सुरू होतो. म्हणजे ताप आला तेव्हा जंतू सापडण्याची सोयीची जागा रक्त हीच असते. शौचात तो बहुधा नंतर दिसू लागतो (प्रश्न १६ पाहा).

३. विडाल पॉझिटिव्ह आली आहे. आता कल्चर कशासाठी?

कारण विडाल जंतू शोधत नाही. शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं ती मोजते. फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा ती मोठी सोय होती, पण तिच्या मर्यादा अजून तशाच आहेत. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, काही प्रकारच्या लसी घेतल्या असतील, साल्मोनेलाच्या दुसऱ्या एखाद्या प्रकाराचा किंवा मलेरियासारखा वेगळाच संसर्ग झाला असेल, तरी विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट खरा टायफॉइड असून तापाच्या पहिल्या काही दिवसांत ती निगेटिव्ह येते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो.

एकदाच केलेल्या विडालच्या आकड्यावरून निर्णय घेणं धोक्याचं आहे. दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेतले आणि आकडा चौपट वाढला, तर त्याला काही वजन असतं. पण तोवर उपचार थांबवून कोण बसणार? शिवाय विडाल कितीही बरोबर आली तरी जंतूवर कोणतं औषध चालेल, हे ती सांगू शकत नाही. झटपट पट्टीवरच्या प्रतिपिंड चाचण्यांनाही हेच लागू आहे.

४. तापाच्या कितव्या दिवशी रक्त द्यावं?

डॉक्टरांना टायफॉइडची शंका आली त्याच दिवशी. पहिल्या आठवड्यात जंतू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, पुढे ती कमी होत जाते. तरीही दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात आलेल्या रुग्णाने ‘आता उशीर झाला’ म्हणून कल्चर टाळू नये. तेव्हाही जंतू सापडतात.

५. अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. आता कल्चरचा उपयोग आहे का?

आहे, पण कमी. क्रम महत्त्वाचा आहे: आधी रक्त, मग पहिला डोस. रक्तात मुळातच मोजके असलेले जंतू औषधाने मरतात किंवा इतके दुबळे होतात की बाटलीत वाढत नाहीत. मग आजार तसाच असतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ‘दोन दिवस गोळ्या घेऊन बघू, नाहीच उतरला तर कल्चर करू’ हा विचार समजण्यासारखा आहे, पण त्यात सर्वांत चांगली संधी हातची जाते. रक्त काढायला जेमतेम काही मिनिटं लागतात. ते काढल्यावर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर लगेच औषध सुरू करू शकतात. कल्चरमुळे उपचार लांबतात, ही समजूत चुकीची आहे.

औषध आधीच सुरू झालं असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, औषधाचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला, ते प्रयोगशाळेला सांगा. घरात पडून असलेली किंवा आधीच्या आजारातली उरलेली गोळी घेतली असेल तर तीही सांगा. लोक नेमकी हीच सांगत नाहीत. दुसरी, काही कल्चर बाटल्यांमध्ये रेझिनचे कण असतात. ते रक्तातलं औषध काही प्रमाणात शोषून घेतात, त्यामुळे अशा वेळी त्या उपयोगी पडतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, कल्चर चांगलं यावं म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच. निदान अडलं असेल आणि औषधही सुरू असेल, तर आणखी एक मार्ग प्रश्न १५ मध्ये आहे.

६. एवढं रक्त का घेतात? बाकीच्या तपासण्या तर दोन-तीन मिलिलिटरमध्ये होतात.

कारण टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात सरासरी एखादाच जिवंत जंतू असतो, आणि कित्येकांमध्ये तेवढाही नसतो. दोन मिलिलिटर रक्त घेतलं आणि त्यात एकही जंतू आला नाही, तर बाटली पाच दिवस ठेवून काय वाढणार? म्हणून मोठ्या माणसांत साधारणपणे एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, अशा दोन बाटल्या भरतात. ऐकायला हे जास्त वाटतं, पण प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असतं. त्यातलं २० मिलिलिटर म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

रक्त कमी घेणं हे निगेटिव्ह रिपोर्टचं एक मोठं आणि टाळता येण्यासारखं कारण आहे. रुग्णाला त्रास नको म्हणून प्रेमापोटी ‘थोडंच घ्या’ असा आग्रह धरला जातो, आणि नुकसान त्याच रुग्णाचं होतं. दुसऱ्या टोकाला, बाटली खुणेपेक्षा जास्त भरणंही बरं नाही. रक्तात जंतूंना रोखणारे नैसर्गिक घटक असतात आणि ते पुरेसे पातळ व्हावे लागतात. रक्ताच्या पाच ते दहा पट पोषक द्रव असावा, असा दंडक त्यासाठीच आहे.

७. माझं मूल दोन वर्षांचं आहे. त्याचंही तेवढंच रक्त घेणार?

नाही. मुलांसाठी वजनानुसार प्रमाण ठरतं आणि लहान मुलांच्या बाटल्याही वेगळ्या असतात. अगदी लहानांत एक ते तीन मिलिलिटर पुरतं. मुलांच्या रक्तात टायफॉइडचे जंतू मोठ्यांपेक्षा जास्त दाट आढळतात, त्यामुळे कमी रक्तातही ते सापडण्याची बरी शक्यता असते.

८. उपाशीपोटी जावं लागतं का? ताप चढायची वाट पाहायची का?

दोन्ही नाही.

९. रक्त घेताना हात दोन-दोनदा का पुसतात?

त्वचेवर नेहमी राहणारे निरुपद्रवी जंतू सुईबरोबर बाटलीत जाऊ नयेत म्हणून. अल्कोहोल, क्लोरहेक्सिडिन किंवा आयोडीन लावून ते वाळू द्यावं लागतं. वाळेपर्यंतचा वेळ हा त्या औषधाला काम करायला दिलेला वेळ असतो. बाटलीचं रबरी बूचही पुसतात. पुसल्यावर शीर चाचपण्यासाठी त्या जागेला पुन्हा उघडं बोट लागलं, तर नम्रपणे पुन्हा पुसायला सांगा. यात हयगय झाली की प्रश्न १४ मधला घोळ होतो.

१०. बाटली लगेच पोचवता आली नाही म्हणून फ्रिजमध्ये ठेवली. चालेल?

नाही. लघवीसारखे काही नमुने थंड ठेवतात, त्यावरून हा गैरसमज होतो. कल्चरची भरलेली बाटली खोलीच्या तापमानालाच ठेवायची आणि शक्य तितक्या लवकर, काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. फ्रिजमध्ये ठेवली गेली असेल तर ते लपवू नका. पुन्हा रक्त देणं हे चुकीच्या रिपोर्टपेक्षा केव्हाही परवडलं.

११. रिपोर्टला इतके दिवस का लागतात? आधी काहीच कळत नाही का?

कळतं, टप्प्याटप्प्याने. स्वयंचलित यंत्रात बाटली ठेवली की जंतूंच्या वाढीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर यंत्र सतत लक्ष ठेवतं. टायफॉइडचा जंतू असेल तर बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांतच इशारा मिळतो. त्याच दिवशी बाटलीतल्या द्रवाला ग्रॅम रंग देऊन पाहतात. लाल-गुलाबी दांडीसारखे जंतू दिसले की ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ असा पहिला निरोप डॉक्टरांना जातो. अजून नाव ठरलेलं नसतं, पण उपचारासाठी एवढंही मोलाचं असतं. दुसऱ्या दिवशी जंतूची ओळख पटते, आणि साधारण त्याच्या पुढच्या दिवशी कोणतं औषध चालेल ते कळतं.

काहीच वाढलं नाही तर यंत्रात पाच दिवस आणि हाताने करायच्या पद्धतीत सात दिवस वाट पाहून अंतिम निगेटिव्ह रिपोर्ट देतात. त्याआधीचा ‘४८ तासांत वाढ नाही’ हा अंतरिम रिपोर्ट शेवटचा समजू नका.

१२. वाढलेला जंतू टायफॉइडचाच आहे, हे कसं ठरवतात?

एका खुणेवर नाही, अनेक खुणा जुळवून. बाटलीतला द्रव आधी घट्ट माध्यमाच्या बश्यांवर पसरतात. मॅकॉन्की अगारवर आतड्यांतले बरेच नेहमीचे जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आंबवतात आणि गुलाबी ठिपके देतात. साल्मोनेला ती आंबवत नाही, म्हणून तिचे ठिपके फिकट राहतात. मग वेगवेगळ्या रासायनिक चाचण्या लावतात. ट्रिपल शुगर आयर्न अगारच्या नळीत टायफीचं वागणं फार ओळखीचं आहे: तळ पिवळा, उतार लाल, वायू अजिबात नाही, आणि दोहोंच्या सीमेवर हायड्रोजन सल्फाइडची बारीक काळी रेघ. साल्मोनेलाचे इतर अनेक प्रकार नळी काळीकुट्ट करतात. टायफी मात्र एवढ्यावरच थांबते. त्यामुळे अनुभवी डोळ्याला नळी पाहताक्षणी शंका येते.

पण शंका म्हणजे खात्री नव्हे. शेवटी काचपट्टीवर जंतू घेऊन त्यात ठरावीक प्रतिद्रव, म्हणजे अँटिसेरा, मिसळतात. ओ-९ आणि एच-डी या अँटिसेरांशी जंतूंच्या गुठळ्या झाल्या की टायफीवर शिक्कामोर्तब होतं. इथे एक खाच आहे. टायफीभोवती व्हीआय नावाचं आवरण असू शकतं आणि ते ओ प्रतिजन, म्हणजे ओ-९ ज्याला चिकटतं तो जंतूच्या पृष्ठभागावरचा घटक, झाकून टाकतं. मग ओ-९ शी गुठळ्या होतच नाहीत आणि नवख्याला वाटतं, ही टायफी नाही. अशा वेळी जंतूंचं मिश्रण उकळून आवरण काढतात आणि चाचणी पुन्हा करतात. रिपोर्टमध्ये आधी ‘साल्मोनेला प्रजाती’ आणि दुसऱ्या दिवशी ‘साल्मोनेला टायफी’ असं लिहून आलं, तर कोणी मत बदललं असं समजू नका. पडताळणीचे टप्पे पूर्ण झाले, इतकाच त्याचा अर्थ.

१३. कल्चर निगेटिव्ह आलं. म्हणजे टायफॉइड नाही ना?

असं म्हणता येत नाही. सगळं नीट केलं तरी खऱ्या टायफॉइडच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ४० ते ६० जणांमध्येच रक्ताचं कल्चर पॉझिटिव्ह येतं. बाकीच्यांत जंतू त्या रक्ताच्या वाट्याला आलेला नसतो, किंवा औषधाने दबलेला असतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही डॉक्टरांनी टायफॉइडचे उपचार चालू ठेवले, तर ते रिपोर्टकडे दुर्लक्ष करताहेत असं नाही. लक्षणं, तापाचा क्रम, इतर तपासण्या हे सगळं धरून ते ठरवतात. ताप चालूच असेल तर पुन्हा कल्चर करणंही योग्य ठरतं.

पॉझिटिव्ह रिपोर्टचं वजन मात्र वेगळं आहे. तापाच्या रुग्णाच्या रक्तात टायफी वाढली, तर निदान पक्कं.

१४. रिपोर्टमध्ये टायफॉइडऐवजी स्टॅफिलोकॉकसचा एक प्रकार आला आहे आणि ‘संभाव्य कन्टॅमिनंट’ लिहिलं आहे. घाबरायचं का?

बहुधा नाही. कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस त्वचेवर राहतो. दोनपैकी एकाच बाटलीत आणि उशिराने वाढला, तर तो रक्ताचा नसून सुईबरोबर आलेला असण्याची शक्यता जास्त. पण हृदयात कृत्रिम झडप किंवा शिरेत दीर्घकाळ नळी असलेल्यांमध्ये हाच जंतू खरा आजारही करतो, म्हणून निर्णय डॉक्टरांवर सोडा. टायफीच्या बाबतीत अशी सूट नसते. ती एका बाटलीत आली तरी तिला कन्टॅमिनंट म्हणून बाजूला टाकत नाहीत.

१५. अस्थिमज्जेच्या कल्चरबद्दल ऐकलं. ते जास्त चांगलं असेल तर सगळ्यांचं का करत नाहीत?

चांगलं आहेच. ८० ते ९० टक्के किंवा त्याहून जास्त रुग्णांमध्ये ते पॉझिटिव्ह येतं, कारण मज्जेत जंतू रक्तापेक्षा बरेच दाट असतात. औषध सुरू होऊन काही दिवस झाले तरी तिथे जंतू सापडतात, आणि रक्त जिथे हरतं तिथे नेमकं हे कामी येतं. पण हाडात सुई घालून मज्जा काढावी लागते. ते दुखतं आणि त्याला सराव असलेला डॉक्टर लागतो. त्यामुळे बरेच दिवस ताप आहे, कारण सापडत नाही, अशा निवडक रुग्णांसाठीच ते राखून ठेवतात.

१६. शौच आणि लघवीचं कल्चर कधी सांगतात?

तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शौचात जंतू दिसण्याची शक्यता वाढते. मात्र तो रोज बाहेर पडतोच असं नाही, म्हणून एका नमुन्यावर विसंबत नाहीत. शौचात इतर जंतूंची प्रचंड गर्दी असल्यामुळे नमुना आधी सेलेनाइटसारख्या द्रवात ठेवतात. त्यात बाकीचे दबतात आणि साल्मोनेला पुढे येते. एक इशारा: शौचात टायफी सापडली म्हणजे आजचा ताप टायफॉइडचाच, असं सिद्ध होत नाही. ती व्यक्ती वाहकही असू शकते (प्रश्न २०). लघवीचं कल्चर याहून कमी वेळा पॉझिटिव्ह येतं.

१७. रिपोर्टमध्ये ‘पॅराटायफी ए’ लिहिलं आहे. हा सौम्य टायफॉइड का?

हा वेगळा जंतू आहे, आणि आजार सौम्यच असेल यावर विसंबू नये. नुसत्या लक्षणांवरून तो टायफॉइडपासून वेगळा ओळखता येत नाही, कल्चरमुळेच कळतो. त्याच्यावर व्हीआय आवरण नसल्याने व्हीआयवर आधारलेल्या लसी त्याच्यापासून संरक्षण देत नाहीत. म्हणून ‘लस घेतली होती, मग हे कसं?’ या प्रश्नाचं उत्तर कधी कधी इथेच असतं.

१८. सेन्सिटिव्हिटीच्या (कोणतं औषध जंतूवर चालतं त्याच्या) तक्त्यात एका औषधासमोर ०.२५ आणि दुसऱ्यासमोर ८ आहे. कमी आकडा म्हणजे जास्त चांगलं औषध ना?

नाही, आणि ही चूक फार होते. तो आकडा म्हणजे एमआयसी: जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. टायफीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ०.०६ किंवा त्याखाली असेल तरच ‘एस’, म्हणजे संवेदनशील, ०.२५ असेल तर ते ‘आय’मध्ये, म्हणजे मधल्या गटात, मोडतं आणि उपचार फसण्याचा धोका वाढतो. ॲझिथ्रोमायसिन मात्र १६ पर्यंत ‘एस’ असतं. म्हणजे तुमच्या तक्त्यातला ८ हा आकडा ॲझिथ्रोमायसिनसमोर असेल, तर ०.२५ पेक्षा तोच भरवशाचा. आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, समोरचं अक्षर वाचा.

जेंटामायसिनसारखी काही औषधं तक्त्यात मुद्दाम नसतात. बशीत ती टायफीला रोखताना दिसतात, पण जंतू पेशींच्या आत दडलेला असल्याने रुग्णावर उपयोगी पडत नाहीत. त्यांच्यासमोर ‘एस’ लिहिणं म्हणजे दिशाभूल.

हा तक्ता आज पूर्वीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिन्ही जुन्या औषधांना न जुमानणारे जंतू अनेक वर्षं फिरत आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनचा भरवसा दक्षिण आशियात बराच ओसरला आहे. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणाऱ्या टायफीची मोठी साथ पसरली. अंदाजाने औषध देण्याची जागा आक्रसत चालली आहे, आणि कल्चर वाढल्याशिवाय हा तक्ता मिळतच नाही.

१९. ‘एस’ असलेलंच औषध चालू आहे, तीन दिवस झाले, ताप उतरत नाही. रिपोर्ट चुकला का?

लगेच तसं समजू नका. योग्य औषध असूनही टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सात दिवस लागू शकतात. आठवडा उलटूनही ताप असेल, किंवा आधीही पोटात जोरात दुखणं, शौचातून रक्त, ग्लानी असं काही दिसलं, तर मात्र तातडीने डॉक्टरांकडे जा.

२०. बरं झाल्यावर पुन्हा कल्चर करावं लागतं का?

रक्ताचं बहुधा नाही. शौचाचं काहींना लागतं, विशेषतः जे इतरांसाठी अन्न शिजवतात, लहान मुलांची किंवा रुग्णांची देखभाल करतात त्यांना. औषध संपल्यावर काही दिवस थांबून, अंतर ठेवून घेतलेले एकापेक्षा जास्त नमुने निगेटिव्ह यावे लागतात. नेमके किती, हे त्या त्या ठिकाणच्या आरोग्य खात्याच्या नियमांवर अवलंबून असतं.

याचं कारण वाहक. थोड्या रुग्णांमध्ये, साधारण १ ते ५ टक्क्यांत, जंतू वर्षभरानंतरही शौचातून बाहेर पडत राहतो. तो बहुधा पित्ताशयात ठाण मांडतो, आणि पित्ताचे खडे असले तर अधिकच. त्या व्यक्तीला काहीही त्रास नसतो. न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकाचं काम करणाऱ्या मेरी मॅलन यांना १९०७ मध्ये वेगळं ठेवलं, तेव्हाही त्यांचे काही नमुने पॉझिटिव्ह आणि काही निगेटिव्ह येत होते. एकाच निगेटिव्ह नमुन्यावर कोणालाही मोकळं का करत नाहीत, ते यावरून कळावं. वाहक असणं हा गुन्हा नाही आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला घरात दोषी ठरवू नये.

२१. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) काही तासांत होतं. मग कल्चरची जागा ते का घेत नाही?

रक्तात जंतूच इतके कमी (प्रश्न ६) की पीसीआरसाठी घेतलेल्या थोड्याशा रक्तात त्यांचा अंश सापडेलच असं नाही. शिवाय सेन्सिटिव्हिटी करायला जिवंत जंतू लागतो.

२२. बरं होऊन तीन आठवडे झाले, पुन्हा तसाच ताप आला. जुन्या रिपोर्टवरून तीच औषधं घेऊ का?

नका घेऊ. टायफॉइड उलटतो, उपचार संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत तो परत येणं अनोळखी नाही. पण हा ताप वेगळ्याही कारणाचा असू शकतो, आणि टायफॉइडच असला तरी जंतू नव्याने तपासावा लागतो. गोळी घेण्याआधी रक्त द्या आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. दोन्ही वेळच्या जंतूंचे तक्ते शेजारी ठेवले की तोच आजार उलटला की नवा संसर्ग झाला, याचा अंदाज बांधायला डॉक्टरांना मदत होते.